‘आ करा’ म्हणण्याआधी

बालाघाट जिल्ह्यात दाताचं दुखणं जवळच्या दवाखान्याच्या हाताबाहेर गेलं की त्याला वेगवेगळ्या वाटा फुटतात. लांजी-किरनापूरकडची माणसं गोंदियाची गाडी धरतात. कटंगी-तिरोडीची तुमसरवरून नागपूरला उतरतात आणि मेडिकलच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय गाठतात. बैहर-परसवाड्याकडच्यांना जबलपूर सोयीचं. दंतवैद्यक शिकायला निघालेल्या इथल्या मुलामुलींच्या वाटाही जवळपास याच. मध्य प्रदेशातलं सरकारी दंत महाविद्यालय इंदूरला, १९६१ सालचं. तिथे जागा मिळाली नाही तर जबलपूरचं खासगी कॉलेज, नाहीतर सीमा ओलांडून नागपूर किंवा वर्ध्याजवळचं सावंगी मेघे. त्यामुळे असंही घडू शकतं की वारासिवनीची मुलगी पांढरा कोट घालून खुर्चीशेजारी उभी आहे, तिच्याच तालुक्यातला शेतकरी खुर्चीत आडवा झालाय, आणि तरी दोघांचं बोलणं जुळत नाही.

जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. १९५६च्या १ नोव्हेंबरपर्यंत तो ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे इथे घरात पवारी किंवा गोंडी, बाजारात मराठी-हिंदीची सरमिसळ आणि शाळेत शुद्ध हिंदी असा क्रम अनेकांच्या आयुष्यात असतो. दंत महाविद्यालयात त्यावर इंग्रजीचा थर चढतो. चार वर्षं पुस्तकातली दाढ इंग्रजीत वाचलेल्या मुलीला तीच दाढ आपल्या काकांना समजावून सांगताना धाप लागते. हे तिचं अज्ञान नव्हे. ते तिला कुणी शिकवलेलं नसतं, आणि ते येतं की नाही हे तर कुणी तपासलेलंच नसतं.

या प्रकरणाचा विषय ते तपासणं हाच आहे. दंतवैद्य होऊ घातलेल्या माणसाचं वागणं, बोलणं, ऐकून घेणं, शब्द पाळणं, चूक झाली तर सांगणं, या सगळ्याला गुण कसे द्यायचे? देता येतात का? माझं उत्तर ‘येतात’ असं आहे. फक्त परीक्षेच्या एका दिवसात नाही, एका परीक्षकाला नाही, आणि पेशंटला वगळून तर मुळीच नाही.

डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्या शिक्षणात एक फरक आहे, तो बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. एमबीबीएसचा विद्यार्थी वॉर्डात तपासतो, इतिहास लिहून घेतो, बघतो. उपचार करणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. बीडीएसचा विद्यार्थी मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षात, वीस-एकवीसच्या वयात, खऱ्या माणसाच्या तोंडात खरं काम करतो. भूल देतो, दात उपटतो, कीड कोरतो, कवळीचं माप घेतो. शिक्षक मागे असतात, पण सुई त्याच्या हातात असते. उपटलेला दात परत बसत नाही, कोरलेलं दाताचं कवच पुन्हा उगवत नाही. आणि हे सगळं चालू असताना पेशंटला बोलता येत नाही. तोंडात आरसा, कापूस, लाळ ओढणारी नळी. डोक्यावर दिवा, समोर मास्कमागचा अर्धा चेहरा, कानाशी दात कोरणाऱ्या एअरोटरची किंकाळी. वैद्यकाच्या दुसऱ्या कुठल्या शाखेत शुद्धीवर असलेल्या माणसाला इतक्या जवळून, इतका वेळ, इतकं मुकं ठेवून काम करत असतील असं वाटत नाही. म्हणून दंतवैद्याचं संभाषण मुख्यतः काम सुरू होण्याआधी होतं. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन, हे आधी सांगायचं असतं आणि हात वर झाला की खरंच थांबायचं असतं. यातलं पहिलं झालं संवादकौशल्य. दुसरं, म्हणजे खरंच थांबणं, ही व्यावसायिक वृत्ती.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली. आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही पद्धत १९५९ साली ॲडलस्टन यांनी मांडली, आणि आजही बालदंतविभागात पहिला धडा तोच असतो. प्रौढांच्या भीतीला मोजपट्टी मिळाली ती १९६९ साली, नॉर्मन कोरा यांच्या चार प्रश्नांच्या प्रश्नावलीने. उद्या दातवाल्याकडे जायचं असेल तर आज कसं वाटेल, अशा साध्या प्रश्नांवरून भीतीचा आकडा निघतो. म्हणजे पेशंटची भीती मोजण्याचं साधन पन्नास वर्षांहून जुनं आहे. ती भीती विद्यार्थ्याने कशी हाताळली याची नोंद आपल्याकडे अजून होत नाही.

आपल्याकडे काय होतं ते पाहू. भारतीय दंत परिषदेच्या २००७च्या नियमांनुसार बीडीएसच्या विषयाला दोनशे गुण. लेखी परीक्षेचे ७०, तोंडी परीक्षेचे २०, अंतर्गत मूल्यमापनाचे १०, प्रात्यक्षिकाचे ९० आणि त्यातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणखी १०. अभ्यासक्रमात नीतिशास्त्र आहे, वर्तनशास्त्र आहे, उद्दिष्टांमध्ये ज्ञान आणि कौशल्याच्या बरोबरीने वृत्तीचाही उल्लेख आहे. पण उद्दिष्टांतल्या वृत्तीला गुणपत्रिकेत स्वतःचा रकाना नाही. विद्यार्थी हुशार असतात. ज्याला रकाना नाही त्याच्यावर ते वेळ घालवत नाहीत, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही.

त्यांचा वेळ जातो कोट्यात. दंत महाविद्यालयाच्या कॅन्टीनमध्ये दहा मिनिटं बसलात तरी हा शब्द कानावर येईल. इतके दात काढणं, इतकी फिलिंग, इतक्या कवळ्या, प्रत्येकावर स्टाफची साइन. कोटा भरला की परीक्षेला बसता येतं. तोंडात एकही दात नसलेला म्हातारा माणूस परीक्षेच्या दिवशी सोन्याच्या मोलाचा होतो. त्याला घरून आणणं, चहा-नाश्ता, परतीचं भाडं, सगळं विद्यार्थी स्वतः बघतात. बाहेरच्याला यात माणुसकी दिसेल. थोडी असतेही. पण साइन मिळाल्यानंतर त्या आजोबांची कवळी टोचते म्हणून ते पुढच्या आठवड्यात परत आले, तर त्यांच्यासाठी कोण उभं राहतं, हे पाहिल्याशिवाय मी तिला गुण देणार नाही. लॉगबुकात ‘कवळी दिली’ ही नोंद असते. ‘टोचणारी कवळी घासून दिली, दोनदा’ अशी नोंद करायला जागा नसते.

वागण्याला गुण द्यावेत की नाही, ही चर्चा हळव्या मनाच्या शिक्षकांची हौस आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या ज्या डॉक्टरांवर पुढे शिस्तभंगाची कारवाई झाली, अशा २३५ जणांची विद्यार्थिदशेतली कागदपत्रं त्यांनी काढली. तुलनेला कारवाई न झालेले ४६९ डॉक्टर घेतले. कारवाई झालेल्यांच्या जुन्या नोंदींत बेशिस्त वागण्याचे शेरे असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. सर्वांत जड ठरला तो गंभीर बेजबाबदारपणाचा शेरा: वेळेवर न येणं, पेशंटच्या कामात हयगय; तिथे हे प्रमाण साडेआठपट होतं. परीक्षेतले कमी गुणही काही सांगत होते, पण शेऱ्यांइतकं ठळक नाही. हा अभ्यास डॉक्टरांचा आहे, दंतवैद्यांचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी त्यातलं एक निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं. हे शेरे तेव्हाही लिहिलेले होते. शिक्षकांना दिसलं होतं. फक्त त्या शेऱ्यांचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं.

दंतविद्यार्थ्यांचं उदाहरण हवं तर कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात जावं लागतं. डलहौजी विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या तेरा मुलांचा एक फेसबुक गट होता. वर्गातल्या मुलींबद्दल त्यावर जे लिहिलं जात होतं ते डिसेंबर २०१४ मध्ये बाहेर आलं आणि देशभर गदारोळ झाला. भूल देण्यावरूनही त्यात विनोद होते, आणि ही मुलं काही महिन्यांत भूल देण्याचा परवाना घेऊन बाहेर पडणार होती. हाताच्या कौशल्यात त्यांना नापास करावं असं काही नव्हतं. विद्यापीठाने त्यांना पेशंटवरच्या कामातून थांबवलं. बारा जणांनी वर्गातल्या मुलींसह पुनर्स्थापक न्यायाच्या, म्हणजे शिक्षेऐवजी समोरासमोर बोलून झालेलं नुकसान भरून काढण्याच्या, लांबलचक प्रक्रियेत भाग घेतला आणि मे २०१५ मध्ये तिचा अहवाल आला. या मार्गावर टीकाही झाली. सरळ काढून टाका म्हणणारे पुष्कळ होते. मला त्यातून शिकण्यासारखं वाटतं ते एवढंच, की वागणुकीला परीक्षेतल्या विषयासारखं वजन देता येतं, आणि ‘हात चांगला आहे’ हे उत्तर पुरेसं नाही असं एखादी संस्था ठामपणे म्हणू शकते.

मग मोजायचं कसं? शिकागोत काम केलेले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली चार पायऱ्या सांगितल्या. विद्यार्थ्याला माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि कुणी बघत नसतानाही रोज करतो. लेखी परीक्षा पहिल्या पायरीवर असते, तोंडी फार तर दुसरीवर. ‘पेशंटची संमती कशी घ्याल?’ या प्रश्नावर सुरेख उत्तर देणारा विद्यार्थी प्रत्यक्षात कागद पुढे सरकवून ‘इथे सही करा’ म्हणतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे असं स्पष्ट केलं. दाताच्या खुर्चीत त्याचा अर्थ असा, की ‘आ’ केलेलं तोंड ही दात काढायची परवानगी नाही. हे वाक्य लिहिता येणं एक, आणि सकाळच्या बसने आलेल्या, घाबरलेल्या, परतीच्या गाडीची वेळ मनात मोजणाऱ्या बाईला ते समजावणं वेगळं.

तिसऱ्या पायरीची परीक्षा स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली मांडली. विद्यार्थी टेबलामागून टेबल फिरतात, प्रत्येक ठिकाणी ठरलेलं काम, ठरलेला वेळ, ठरलेली गुणतालिका. घंटा वाजली की पुढे. सगळ्यांना तोच पेशंट, तोच प्रश्न. नशिबाचा भाग कमी होतो. त्याच्याही आधी, १९६३ साली, लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मज्जारोगतज्ज्ञाने चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून काम करणाऱ्या एका बाईला पेशंटची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं होतं. सहकाऱ्यांनी तेव्हा नाकं मुरडली. आज अनेक देशांत संवादकौशल्याची परीक्षा अशा नट-पेशंटांवरच होते.

आणि इथे बालाघाटजवळ असणं हा तोटा न राहता फायदा होतो, असं मला वाटतं. दिवाळीनंतर धान कापून झालं की या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते, दंडार होते, नाटकं होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावांत थंडीचे महिने रात्र रात्र तंबू गाजवणारे नट तिथून निघतात. त्यांतले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पेशंटची भूमिका करायला, तीही अस्सल इथल्या बोलीत, यांच्याइतकी योग्य माणसं नागपूर-जबलपूरच्या कॉलेजांना दुसरीकडे शोधून सापडणार नाहीत. पावसाळ्यात ती मोकळीही असतात. एक अडचण मात्र होईल. झाडीपट्टीच्या नटाला टाळी घ्यायची सवय असते, आणि परीक्षेत चाळीस विद्यार्थ्यांसमोर चाळीस वेळा तेच, तितकंच, न रंगवता करायचं असतं. तालमीत यावरच जास्त वेळ जाईल.

असा एक प्रसंग रचून बघू. पेशंट लालबर्र्‍याजवळच्या गावचा, वय चौतीस, ट्रॅक्टर चालवतो. तक्रार एकच सांगतो: मागची दाढ दुखते. विद्यार्थ्याकडे आठ मिनिटं. नटाला तीन गोष्टी लपवायला सांगितलेल्या आहेत. एक, सहा महिन्यांपासून तिखट लागलं की तोंडाची आग होते आणि तोंड पुरतं उघडत नाही. दोन, शेजारचा माणूस तोंडाच्या कॅन्सरने गेला, तेव्हापासून त्याला झोप नाही. तीन, आज काम झालं नाही तर तो परत येणार नाही, कारण मजुरी बुडते. विचारलं तरच, आणि नीट विचारलं तरच सांगायचं.

या माणसाच्या खिशात खर्ऱ्याची पुडी आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या कागदात घोटून मिळतो तो खर्रा. गुटख्यावर मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत बंदी आणली, पण खर्रा काही गेला नाही. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठर होत जातं, तंतूंचे पट्टे तयार होतात, तोंड हळूहळू मिटतं. या आजाराचं वर्णन मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली केलं होतं. तंबाखूशिवाय नुसती सुपारीही कॅन्सर घडवते असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं उभी जातात. इथे दोनही कष्टाने. विद्यार्थ्याला हे सगळं पाठ असतं. तेच तर संकट असतं. पुडी दिसली की पहिल्या मिनिटाला तो म्हणतो, “काका, हे सोडा, नाहीतर कॅन्सर होईल.”

नटाला सूचना आहे, की असं वाक्य आलं की त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला फक्त ‘हो जी’ म्हणायचं. आग होते का? हो जी. सोडाल ना? हो जी. समजलं ना? हो जी. विद्यार्थी खूश होऊन बाहेर पडतो आणि गुण मात्र गेलेले असतात. उलट एखादी मुलगी खुर्ची आडवी करायच्या आधी त्याच्या समोर बसते, मास्क खाली घेऊन नाव सांगते, दाढ कधीपासून दुखते ते पूर्ण ऐकते आणि मग चेहऱ्यावर काही न आणता विचारते, “दिवसाला किती पुड्या होतात?” तो म्हणतो, “पाच-सहा होतात जी.” “तिखट भाजी जाते का अजून?” मग तो थांबतो, आणि शेजाऱ्याची गोष्ट सांगतो. तिथून खरी तपासणी सुरू होते. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेतल्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या होत्या. पेशंटचं पहिलं बोलणं डॉक्टर सरासरी अठरा सेकंदांत तोडत होते आणि जेमतेम २३ टक्के भेटींत ते पूर्ण होऊ दिलं गेलं. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना आपल्याकडे यापेक्षा जास्त सेकंद मिळत असतील असं समजायचं कारण नाही.

आता गुणतालिका. नमस्कार केला, एक. नाव सांगितलं, एक. डोळ्यांत पाहिलं, एक. अशी यादी केली की परीक्षकांचं एकमत होतं, विद्यार्थ्याला तक्रारीला जागा उरत नाही, सगळे सुखी. फक्त यादी नवशिक्याला फायद्याची ठरते. टोरांटोच्या ब्रायन हॉजेस यांनी १९९९ साली दाखवलं, की अनुभवी डॉक्टर अशा याद्यांवर विद्यार्थ्यांपेक्षा कमी गुण मिळवतात, कारण ते सगळे प्रश्न विचारत बसत नाहीत. दोन प्रश्नांत गाभ्याला हात घालतात. शिवाय यादी कळली की ती वठवता येते. ‘मला तुमची काळजी समजते’ हे वाक्य सपाट आवाजात म्हणून गुण घेणारी पिढी परदेशांत तयार झालीच आहे. ती इथेही होईल. म्हणून यादीबरोबर जाणत्या परीक्षकाचा एकूण अंदाजही हवा, आणि नटाचाही. त्याला एकच प्रश्न विचारावा: या डॉक्टरकडे तू परत येशील का? झाडीपट्टीचा नट याचं उत्तर परीक्षकापेक्षा बिनचूक देईल अशी माझी पैज आहे.

अशा परीक्षेला पैसा लागतो. अमेरिकेत डॉक्टरी परवान्यासाठी नट-पेशंटांची देशव्यापी परीक्षा २००४ साली सुरू झाली. फी हजार डॉलरच्या वर, केंद्रं मोजकी, आणि अमेरिकेत शिकलेले जवळजवळ सगळेच पास. कोविडमध्ये ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची गुंडाळली. नेदरलँड्सचे सीस व्हॅन डर व्ल्यूटेन म्हणतात की परीक्षेची उपयुक्तता म्हणजे गुणाकार आहे. ती भरवशाची किती, नेमकं हवं ते मोजते का, तिच्यामुळे शिकणं सुधारतं का, लोकांना पटते का, परवडते का. एक शून्य झालं की सगळं शून्य.

म्हणून माझा ओढा चौथ्या पायरीकडे आहे, आणि ती स्वस्तही आहे. जॉन नॉर्सिनी यांनी १९९५ साली मांडलेली रीत अशी: शिक्षकाने खऱ्या कामात विद्यार्थ्याला थोडा वेळ नुसतं बघायचं, मधे बोलायचं नाही, आणि पेशंट गेल्यावर पाच मिनिटं बोलायचं. एका बघण्यावर विश्वास ठेवायचा नाही. दहा-बारा वेळा, वेगवेगळ्या शिक्षकांनी. कारण खर्ऱ्याच्या पेशंटशी छान बोलणारा मुलगा रडणाऱ्या पाच वर्षांच्या पोरापुढे गोठू शकतो. वेळेचा बाऊ केला जातो, म्हणून हिशोबच मांडतो. शंभर विद्यार्थी, प्रत्येकी दहा वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं: २५० तास. क्लिनिकल विभाग आठ. एका विभागाच्या वाट्याला वर्षाला साधारण ३१ तास, म्हणजे आठवड्याला तासभरही नाही. साइन देण्यात याहून जास्त वेळ जातो.

राहिला पेशंट. त्याच्याकडून समाधानाचे पाच तारे मागण्यात काही हशील नाही. फुकट किंवा नाममात्र पैशांत उपचार घेतलेला बैहरचा माणूस पोरीने जबडा सुजवला तरी ‘बेस केलं’ म्हणेल. त्याची ती रीत आहे. त्यापेक्षा दारात बसलेल्या इंटर्नने किंवा समाजसेवकाने त्याला साध्या गोष्टी विचाराव्यात. किती दात काढणार ते आधी सांगितलं होतं का? दुखलं तर काय करायचं ठरलं होतं? घरी रक्त आलं तर काय कराल? आज काय खाल? दात काढल्यावर तासभर बोळा दाबून धरायचा, दिवसभर चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गरम खायचं नाही. खर्रा खाणाऱ्याला ‘थुंकू नका’ सांगणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. ‘मऊ आहार घ्या’ असं सांगितलेला पेशंट गप्प राहतो. ‘पेज गार करून प्या’ असं सांगितलेला ते जसंच्या तसं परत सांगतो. पेशंट दाराबाहेर काय घेऊन गेला, तो विद्यार्थ्याचा गुण. याला नट नको, यंत्र नको, भाषा समजणारा एक माणूस हवा. इंटर्नशिपच्या वर्षात ग्रामीण आणि सार्वजनिक दंतआरोग्याचे तीन महिने असतात. तिथे हे उद्यापासून करता येईल.

नर्स आणि खुर्चीजवळचे मदतनीस यांचं मतही घ्यावं. शिक्षकांसमोर नम्र असणारा मुलगा सुई टोचल्यावर मदतनिसावर कसा खेकसतो हे त्यांना माहीत असतं. निनावी, वर्षातून दोनदा, चार ओळी. एवढ्याने कुणाला नापास करू नये, पण तोच सूर तीन वेगळ्या माणसांच्या कागदांत उमटला तर तो योगायोग नसतो.

कायद्याची चौकटही हलते आहे. १९४८च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला. त्यात नीती आणि नोंदणीसाठी वेगळं मंडळ आहे आणि शेवटच्या वर्षाला देशभर एकच निर्गम परीक्षा आहे. एमबीबीएसला २०१९च्या तुकडीपासून वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग अभ्यासक्रमात आला. दंतवैद्यकात तो येईल तेव्हा देशव्यापी परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न म्हणून येण्याची भीती मला वाटते: पेशंट रडू लागला तर तुम्ही काय कराल, अ, ब, क, ड. याने मिलरची पहिली पायरीसुद्धा धड चढता येत नाही.

आणि जो कमी पडला त्याचं काय? हा प्रश्न शिक्षकांना सर्वांत अवघड जातो, म्हणून बहुतेक जण शेराच लिहीत नाहीत. पोराचं वर्ष जाईल, आईबापांनी जमीन विकून फी भरलीय, आणि ‘नीट बोलत नाही’ म्हणून नापास? हा संकोच मला समजतो. म्हणूनच पहिला शेरा तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत पडायला हवा, अंतिम परीक्षेच्या तोंडावर नव्हे. तेव्हा पडलेला शेरा शिक्षा नसतो, त्याने फक्त कामाला दिशा मिळते. बोलण्यात कमी पडणाऱ्याला त्याच विभागात वेगळ्या शिक्षकाच्या हाताखाली दोन आठवडे, रोज एक पेशंट, रोज पाच मिनिटं चर्चा. बहुतेक मुलं एवढ्यात सुधारतात, कारण बहुतेकांना कुणी दाखवलेलंच नसतं. खोटी नोंद करणारा, न केलेल्या कामावर साइन मिळवणारा, हात वर झाला तरी न थांबणारा, यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत फाइल विभागाबाहेर, महाविद्यालयाच्या समितीपुढे गेली पाहिजे, विद्यार्थ्याचं म्हणणं लेखी घेऊन, आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करण्याआधी अधिष्ठात्यांनी ती उघडून वाचली पाहिजे.